वाण नाही, पण गुण लागला

मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी फ्रीज आवरायला काढला. दाराच्या खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे नातवाच्या औषधाची बाटली निघाली. सेफिक्झिम या अँटिबायोटिकचं ड्राय सिरप. दिवाळीनंतर त्याचा कान ठणकत होता, तापही होता, तेव्हा आणलेलं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे झाले, पोरगं बरं होऊन आपल्या घरी गेलं, आणि बाटलीत दोन बोटं औषध उरलं. खाली साका, वर नितळ पाणी. मी झाकण काढलं, थोडं पाणी घालून बाटली खळखळ हलवली आणि स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतली. साईच्या रंगाचं ते पाणी जाळीवर एकदा गोल फिरलं आणि गेलं. स्ट्रॉबेरीचा गोड वास मात्र ओट्यावर बराच वेळ रेंगाळला. बाटली विसळून सुक्या कचऱ्यात टाकली, हात पुसले आणि कुकर लावायला वळले.

तिसरी शिट्टी होईपर्यंत काही वाटलं नाही. मग वाटायला लागलं.

मी ३१ वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं. सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं की उबदार, जड वासाचा भपकारा तोंडावर यायचा आणि त्यावरूनच निम्मी बातमी कळायची. स्युडोमोनास हा जंतू असला तर पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास, प्रोटिअस असला तर नको वाटणारी घाण आणि बशीभर पसरत गेलेल्या त्याच्या लाटा. सेन्सिटिव्हिटीच्या बशा वेगळ्या. पेजेच्या रंगाचं म्युलर-हिंटन अगार, त्यावर आदल्या दिवशी रुग्णाचा जंतू कापसाच्या बोळ्याने एकसारखा पसरलेला, आणि वर टिकलीएवढ्या पांढऱ्या कागदी चकत्या. प्रत्येक चकतीवर औषधाच्या नावाची दोन-तीन अक्षरं. रात्रभरात जंतू बशीवर साय धरतो. जिथे औषध लागू पडतं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो. तो गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि रिपोर्टवर एस किंवा आर लिहायचं. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा एकेका बशीत चंद्रच चंद्र दिसायचे. शेवटच्या काही वर्षांत कितीतरी बशांमध्ये साय थेट चकतीच्या कडेला येऊन भिडलेली असायची. औषध भरलेली ती चकती नुसता कागद होऊन पडलेली असायची.

वापरून झालेली एकही बशी आम्ही तशीच लॅबबाहेर जाऊ दिली नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेवर शिजवून काढल्याशिवाय काही टाकायचं नाही हा नियम. त्यात कसूर झाली म्हणून मी शिकाऊ मुलींना रडेपर्यंत रागावले आहे. आणि त्याच माझ्या हातांनी, घरच्या बेसिनपाशी उभं राहून, अँटिबायोटिक गटारात सोडलं होतं. विचारसुद्धा न करता.

त्या मुलींपैकीच एकीने एकदा विचारलेलं आठवतं. आतड्यातल्या ई. कोलाय जंतूची, जेमतेम एखादा गोल उरलेली बशी उजेडाकडे धरून ती म्हणाली, "मॅडम, हे आजोबा शेतकरी आहेत. पहिल्यांदाच हॉस्पिटलची पायरी चढलेत. आयुष्यात दोन-चारदा गोळ्या खाल्ल्या असतील. मग यांच्या ई. कोलायला एवढं सगळं शिकवलं कोणी?" माझ्या तोंडून आजीची म्हण निघून गेली, "ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला." ती हसली. मी मात्र दिवसभर त्या म्हणीपाशीच घुटमळत राहिले. वाण जन्माने येतं, गुण शेजाराने लागतो. माझ्या आजीने जिवाणू कधी पाहिला नव्हता, पण त्यांच्या जगाचा कायदा तिच्या बोलण्यात होता.

आपल्याकडे जे काही आहे ते वरून खाली येतं, आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. जिवाणूंमध्येही तसं येतंच. पण त्यांच्यात आडवी देवघेवही चालते. मुख्य गुणसूत्राखेरीज त्यांच्या पोटात डीएनएच्या छोट्या गोल कड्या असतात. प्लाझ्मिड हे त्यांचं नाव जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये ठेवलं. त्याआधी १९४६ मध्ये त्याने आणि एडवर्ड टेटमने दाखवून दिलं होतं, की जिवाणू एकमेकांना चिकटून जनुकं देतात-घेतात. देणारा एक बारीक तंतू बाहेर काढतो, शेजाऱ्याला पकडतो, जवळ ओढतो. मग कडीच्या दोन पदरांपैकी एक पदर पलीकडे जातो, आणि दोघंही आपापल्याकडचा उरलेला पदर विणून घेतात. म्हणजे घेणाऱ्याला पूर्ण कडी मिळते आणि देणाऱ्याचंही काही कमी होत नाही. शेजारची काकू वाटी घेऊन विरजण मागायला येते, आपण चमचाभर दही देतो, आणि सकाळी तिच्या पातेल्यातही तेवढंच घट्ट दही लागलेलं असतं, तसं. घेणारा आपल्याच जातीचा असला पाहिजे असंही नाही. ई. कोलायची कडी क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूला चालते, हगवण लावणाऱ्या शिगेलाला चालते.

आणि एका कडीवर एकच गुण असतो असंही नाही. दोऱ्यात मणी ओवावेत तशी पाच-सहा औषधांना पुरून उरणारी जनुकं एकामागे एक ओवलेली असू शकतात, त्यातच पाऱ्यासारख्या धातूला किंवा जंतुनाशकाला तोंड देणारा एखादा मणीही. एक ओढला की अख्खी माळ येते. हे पहिल्यांदा नीट उमगलं ते जपानमध्ये. युद्धानंतर तिथे रक्ती हगवणीने कहर केला होता. आधी सल्फाच्या गोळ्या निकामी झाल्या, मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आलं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर डॉक्टरांना असा शिगेला सापडू लागला, जो या चारही औषधांना एकदमच दाद देत नव्हता. तंत्रज्ञ म्हणून मला पुढची गोष्ट फार जवळची वाटते, कारण ती बशांवरच दिसली. एकाच साथीतल्या एका रुग्णाचा जंतू साधा, दुसऱ्याचा चारही औषधांना पुरून उरणारा, आणि कधी कधी तर एकाच माणसाच्या पोटात दोन्ही. एकच औषध दिलं तरी चारही औषधांचा प्रतिकार उगवून यायचा. शिवाय त्याच रुग्णांच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलायही तसाच निघायचा. १९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी असा ई. कोलाय आणि साधा शिगेला नुसते एकत्र वाढवून पाहिले, आणि साधा शिगेला साधा राहिला नाही. हे सगळं मुख्यतः जपानीत छापलं जात होतं. बाकीच्या जगाला ते नीट समजलं ते १९६३ मध्ये, त्सुतोमू वातानाबे यांनी इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला तेव्हा. त्यांनी याला संसर्गाने पसरणारा वारसा म्हटलं. एवढा नेमका शब्द मला आजवर दुसरा सापडलेला नाही.

मेलेल्यांकडूनही गुण लागतो. १९२८ मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथने न्यूमोनियाचे घातक जंतू उष्णतेने मारले, ते निरुपद्रवी जिवंत जंतूंबरोबर उंदरांना टोचले, आणि उंदीर मेले. त्यांच्या रक्तात जिवंत, घातक जंतू होते. मेलेल्या जंतूंचा वारसा जिवंतांनी उचलला होता. पुढे १९४४ मध्ये कळलं की तो वारसा म्हणजे डीएनए. हा प्रयोग मी दहा वेळा तरी मुलींना शिकवला असेल. पण जंतू मेला म्हणजे गोष्ट संपली, असंच मनात कुठेतरी धरून बसले होते.

दोन वर्षांपूर्वी आईचा रिपोर्ट आला.

आई तेव्हा ७८ वर्षांची होती. लघवीला जळजळ, मग थंडी वाजून ताप, मग कमरेत कळा. कल्चर माझ्याच जुन्या लॅबला दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर पीडीएफ आली. मी नोकरीतून मोकळी झालेली होते, पण डोळ्यांची सवय गेलेली नव्हती. नावावरून नजर सरळ शेवटच्या रकान्यात. आर, आर, आर, सेफिक्झिमसमोर आर, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर आर, मधेच कुठे एस. खाली ओळ, ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे पेनिसिलिन-सेफिक्झिमच्या जातीची औषधं तोडणारं विकर या जंतूकडे आहे. त्या बशीत काय दिसलं असेल ते मला न बघता दिसत होतं. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या चकतीच्या बाजूला शेजारच्या चकतीचा गोल ताणला जातो आणि जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखा आकार होतो. आम्ही त्याला की-होलच म्हणायचो. हजारो वेळा तो आकार पाहून मी पुढची बशी उचलली होती. या वेळी पुढची बशी नव्हती. आईने पलंगावरून विचारलं, "काय गं, कसला एवढा विचार करतेस? मी तर कधी फारशी औषधं घेतली नाहीत." ते खरंही होतं. आणि हेही खरं होतं की आधीच्या वर्षी दोनदा अशीच जळजळ झाली तेव्हा कल्चर न करताच सेफिक्झिमच्या गोळ्या आणल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं आणि तिने त्या सोडल्या. मी घरात असूनही हटकलं नाही. सात दिवस रोज शिरेतून इंजेक्शन घेऊन ती बरी झाली. हाताची शीर काळीनिळी झाली होती, त्यावर ती खोबरेल चोळत बसायची. मी तिच्या शेजारी बसून, हा जंतू हिच्याकडे कुठून आला असेल, याचा माग मनातल्या मनात काढत राहायचे. लोक गोळ्या अर्धवट सोडतात, डॉक्टर ऊठसूट लिहून देतात, दुकानदार चिठ्ठीशिवाय देतात. ३१ वर्षं मला एवढंच उत्तर ठाऊक होतं. ते चूक नाही. पण ते सगळं माणसाच्या कातडीच्या आत घडतं. कातडीबाहेर काय चाललंय, तिकडे मी बघितलंच नव्हतं.

बाहेर म्हणजे मुठा. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पानशेत फुटायच्या आधीची मुठा आईने पाहिली आहे. विठ्ठलवाडीला मामांकडे जायची तेव्हा कळशी बुडवून नदीचं पाणी प्यायला आणायचे, घाटाच्या दगडांवरून पाय सटकायचा, कारण दगडांवर शेवाळाचा बुळबुळीत थर असायचा. आता पुलावर उभं राहिलं की आधी वास येतो, मग काळपट पाणी दिसतं, कडेला जलपर्णी, अडकलेल्या पिशव्या, आणि लांब लाल पायांच्या शेकाट्या गाळात चोच खुपसून शांतपणे काहीतरी वेचत असतात. या नदीच्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी शहराच्या वरच्या अंगाचा, शहरातला आणि खालच्या अंगाचा गाळ घेतला, त्यातला सगळा डीएनए वाचून काढला आणि प्रतिकाराची जनुकं मोजली. वरच्या अंगाच्या तुलनेत शहरातल्या गाळात ती तीसपटीपर्यंत जास्त निघाली. कार्बापेनेम म्हणजे आईला जी इंजेक्शनं दिली ती, हातातली जवळजवळ शेवटची औषधं. त्यांना निकामी करणारी जनुकंही त्या गाळात होती. मी तो निबंध उशिरा, आईच्या आजारपणानंतर वाचला, आणि वाचताना एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत राहिली. ज्या पुलावर मी संध्याकाळी वारा खायला उभी राहते, त्याच्या खाली तीच देवघेव चालू आहे जी मी बशीत बघत होते. तीही रात्रंदिवस, आणि कोणी न मोजता.

नदीचा गाळ म्हणजे जिवाणूंचा भरलेला बाजारच. रुग्णालयांतून, घराघरांतून, कत्तलखान्यांतून आलेले आतड्यातले जंतू, आणि मुळात माती-पाण्यात राहणारे जंतू, एरवी ज्यांची कधी गाठ पडली नसती ते सगळे एका बुळबुळीत थरात दाटीवाटीने चिकटून बसतात. त्यात औषधाचा अगदी थोडा अंश असला तरी पुरतो. जंतू मारायला जेवढी मात्रा लागते तिच्या शेकडो पटींनी कमी मात्रासुद्धा, ज्याच्याकडे तो गुण आहे त्याला पुढे काढते, हे स्वीडनमधल्या प्रयोगांनी २०११ मध्ये दाखवलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बेसिनची जाळी उचकटून पाहिली. खाली पाइपच्या तोंडाशी करडा, चिकट थर होता, बोटाला जेलीसारखा लागणारा. ३१ वर्षं मी जे मुद्दाम वाढवलं आणि जपून मारलं, ते माझ्या घरात आपसूक वाढत होतं, आणि मी त्याला स्ट्रॉबेरीच्या वासाचं औषध पाजलं होतं.

दिल्लीचं प्रकरण आठवतं का? कार्बापेनेमही निकामी करणाऱ्या एका नव्या जनुकाला २००९ मध्ये नवी दिल्लीचं नाव मिळालं, एनडीएम-१, आणि २०१० साली देशाची बदनामी झाली म्हणून केवढा गदारोळ उठला. आमच्या लॅबमध्येही डबे खाताना तेवढाच विषय. मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. जंतूला आपल्या राजधानीचं नाव कसं देतात? पुढच्याच वर्षी दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास आला. रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये ते जनुक होतं. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये. कॉलऱ्याच्या आणि हगवणीच्या जंतूंमध्येही ते पोचलेलं होतं. आणि ज्या तापमानाला ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे सर्वांत सहज जात होतं ते होतं ३० अंश, शरीराच्या ३७ पेक्षा जास्त सहज. ३० अंश म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी महिन्यांतलं डबक्याचं, गटाराचं तापमान. नावावरून भांडण्यात आम्ही जी दुपार घालवली ती आठवली की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

यात माणसाचाच सगळा दोष आहे, असंही मला म्हणता येत नाही. कॅनडातल्या युकॉनमध्ये ३० हजार वर्षं गोठलेल्या जमिनीतून काढलेल्या डीएनएमध्ये पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना, टेट्रासायक्लिनला, व्हँकोमायसिनसारख्यांना तोंड देणारी जनुकं सापडली. तेव्हा कुठलं औषधाचं दुकान! खरं तर औषधंच मातीतली. माझे एक मामा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. पेनिसिलिन भारतात बनावं म्हणून १९५४ मध्ये उभी राहिलेली ती कंपनी. मामा घरी आले की कपड्यांना आंबूस वास यायचा आणि आम्हा मुलांना तो देशाचं काहीतरी मोठं काम करून आलेल्या माणसाचा वास वाटायचा. तिथेच हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना नावाच्या जिवाणूपासून. पिंपरीचं नाव लागलेला मातीतला जिवाणू, याचा मामांना कोण अभिमान! मातीत जो औषध बनवतो त्याला स्वतःलाही त्यापासून वाचावं लागतं, आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही. म्हणून औषध आणि त्याचा उतारा एकाच मातीत, एकमेकांशेजारीच नांदत आले आहेत. आईच्या जंतूतलं ईएसबीएल ज्या जातीचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्या सीटीएक्स-एमचं मूळ क्लुयव्हेरा नावाच्या एका साध्या जिवाणूत आहे. तो माती-पाण्यात, सांडपाण्यात राहतो, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. त्याच्या गुणसूत्रावर ते जनुक कोण जाणे किती काळ गपगुमान पडून होतं. डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा त्याला घेऊन प्लाझ्मिडवर जाऊन बसला आणि मग ते जगभर गेलं. अशी उडी पूर्वीही पडतच असेल. पण तिचा फायदा व्हावा अशी जागा, जिथे बाकीचे मरतात आणि हा एकटा वाढतो, ती आपण तयार केली. टनावारी औषध बनवून, खाऊन, जनावरांना चारून, आणि मग पाण्यात सोडून.

सोडण्याबद्दल बोलायचं तर हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं बोलावं लागेल. जवळजवळ ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथे शुद्ध होतं, तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात ते जेवढं असतं त्यापेक्षा जास्त. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दशांश चिन्ह चुकलं असेल असं वाटून परत वाचला. २०२० च्या जानेवारीत केंद्राने कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिक्सवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. पुढच्या वर्षी अंतिम नियम आले तेव्हा त्यात त्या मर्यादा नव्हत्या. मला याचा संताप येतो. घरोघरीच्या बायकांनी बाटली कुठे ओतावी याचा घोर लावून घ्यायचा आणि नाल्याच्या तोंडाशी मोजमापच नाही!

आणि तरी तो आकडा पुढे करून माझं बेसिन झाकावं, असंही मन घेत नाही. हिशेब केला तर दोन बोटं सिरप म्हणजे काहीच नाही. तोंडाने घेतलेल्या सेफिक्झिमपैकी निम्म्याच्या आसपासच अंगात शोषलं जातं, शोषलेल्यातलंही बरंच लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणजे नातवाने वेळच्या वेळी, मापाच्या चमच्याने घेतलेलं औषधही शेवटी त्याच पाइपातून त्याच नदीकडे गेलं, मी ओतलं त्याच्या कितीतरी पट. आईला वाचवणारी ती सात इंजेक्शनंही तिकडेच गेली. आई वाचली याचा आनंद आहे, तो कशानेही कमी होत नाही. पण ज्या दिवशी तिच्या पलंगाखालचं भांडं उचलून मी संडासात ओतत होते त्या दिवशीही मी नदीत काहीतरी सोडतच होते, हे आता माहीत झालं आहे, आणि एकदा माहीत झालेलं पुसता येत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं घाण काढतात, पण जनुकं काढण्यासाठी ती बांधलेलीच नाहीत. उलट कोमट, खळाळत्या टाक्यांमध्ये जिवाणूंची दाटी करूनच ती चालतात.

एक गोष्ट मात्र राहून राहून आठवते. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर, उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ, २०१३ मध्ये घेतलेल्या मातीत एनडीएम-१ सापडलं. दिल्लीतल्या डबक्यातलं जनुक तिकडे बर्फाच्या कडेला. संशोधकांना वाटतं, ते स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून, प्राण्यांमधून किंवा तिथे येणाऱ्या माणसांबरोबर गेलं असावं. तेव्हापासून पुलावरून शेकाट्या बघताना पूर्वीसारखं बघता येत नाही. त्या तशाच डौलदार दिसतात. चोच गाळात जाते, वर येते, थेंब ओघळतो. मी बघत राहते.

फ्रीजनंतर दोन दिवसांनी आईचा औषधांचा पत्र्याचा डबा आवरला. तळाशी सेफिक्झिमची एक स्ट्रिप होती, तीनेक वर्षांपूर्वीची, मुदत संपलेली, चार गोळ्या शिल्लक. पाठीवर ती उभी लाल रेघ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असं सांगणारी. या खेपेला बेसिनकडे गेले नाही. स्ट्रिप पर्समध्ये टाकली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. "हे परत घेता का? पैसे नकोत. नीट नष्ट व्हायला हवं एवढंच." काउंटरवरच्या मुलाने स्ट्रिप उलटसुलट करून बघितली, माझ्याकडे बघितलं. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. "ताई, एक्स्पायरीचा माल कंपनीला जातो, पण तो आमच्या स्टॉकमधला. घरातलं कोण घेणार? टाकून द्या ना कचऱ्यात." चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्यावं, असा सल्ला मीही वाचला आहे. कचरा डेपोत जातो, डेपोवर पाऊस पडतो, ते पाणी कुठेतरी झिरपतं. गोळ्या मी परत आणल्या.

आई खिडकीशी भाजी निवडत बसली होती. मी डबा उघडून स्ट्रिप आत ठेवताना तिने पाहिलं.

"अजून ठेवलीस ती? टाकून दे की."

"कुठे टाकू, तेच कळत नाहीये."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आमच्या वेळी नको असलेलं सगळं नदीत सोडायचो बघ. निर्माल्य, जुन्या पोथ्या, देवाच्या तसबिरी. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची औषधंसुद्धा तुझ्या बाबांनी ओंकारेश्वराच्या मागे जाऊन सोडली होती. नदी पोटात घ्यायची सगळं."

मी डब्याचं झाकण दाबलं. ते जरा वाकडं झालंय, एका बाजूने नीट बसत नाही. तळहाताने जोर देऊन दाबलं, आणि डबा वरच्या फळीवर, मागे सरकवून ठेवला.